बापाच्या नावाचा रकाना

आमच्या बीड जिल्ह्यात ‘बाप कुठे आहे?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक कोयता धरतात, पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि पोरे आजीपाशी राहतात. असा बाप सहा महिने दिसत नाही. परंतु त्याने मुलाला टाकलेले नसते. दुसरा एखादा त्याच ट्रकमध्ये बसून जातो आणि परततच नाही. शाळेच्या हजेरीपटावर दोघांची मुले सारखीच दिसतात.

अशाच न परतलेल्या एकाचा मुलगा माझ्या धर्मग्रामात वाढतो आहे. त्या माणसाशी मुलाच्या आईचा विवाह झालेला नव्हता. पुढे तिने चर्चमध्ये एका सालस गवंड्याशी लग्न केले. मुलाला सायकलवरून शाळेत पोहोचवणारा, त्याच्या तापात रात्रभर जागणारा हाच. एके दिवशी दोघे माझ्याकडे आले. ‘‘फादर, बाप्तिस्म्याच्या वहीत ह्यांचंच नाव बाप म्हणून लिवा की,’’ ती म्हणाली. माझ्या लेखणीला तो अधिकार नाही, हे सांगणे मला जड गेले. अशा वेळी संत योसेफाचे उदाहरण देणे सोपे असते; पण योसेफाला कुठल्या शाळेत जन्मदाखला दाखवावा लागला नव्हता!

वाचकहो, १९५६ चा दत्तकविधानाचा कायदा आपल्याला लागू नाही. आपल्या वाट्याला होता तो १८९० चा पालकत्वाचा कायदा. त्यातले पालकत्व मूल सज्ञान होताच संपते आणि त्यातून वारसाहक्क मिळत नाही. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फर्डिनो रिबेलो यांनी ख्रिस्ती दांपत्याचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. पुढे बालन्याय कायद्याने सर्वधर्मीयांना ही वाट मोकळी केली. २०१५ साली दिल्लीतील एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली : ज्याने मुलाची कधी विचारपूस केली नाही, अशा पित्याला नोटीस दिल्यावाचूनही आईला पालकत्व मागता येते.

पण पालकत्वाचा आदेश पुढे बदलता येतो. दत्तकविधानाचा प्रकार वेगळा. बालन्याय कायद्यानुसार दत्तक आदेशाने मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते तुटते. सावत्र पित्याच्या बाबतीत अर्थातच आई आईच राहते. तुटते ती दुसरी बाजू. गैरहजर बापाचा हक्क आधी वेगळा खटला चालवून काढून घ्यावा, अशी रीत आपल्याकडे नाही. म्हणूनच विवाहित पिता हयात असेल तर नियम त्याची संमती मागतात आणि ताब्याचा वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत थांबायला लावतात. एका तरुण वकिलाला हा विलंब निरर्थक वाटतो. मला वाटत नाही. गैरहजेरीलाच त्याग मानले तर आमच्याकडच्या किती कोयत्यांची पोरे परकी होतील!

२०२२ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांवरील मुलाचीही संमती लागते. आमचा पोरगा नऊ वर्षांचा. नवे नाव त्याला हवेच आहे. त्याची अडचण निराळी. परागंदा झालेल्या त्या माणसाची म्हातारी आई दोन कोसांवर एकटी राहते आणि सुट्टीत हा तिच्याकडे जातो. ‘‘मग ती माझी आजी राहणार नाही का?’’ त्याने मला विचारले. कायद्याने राहणार नाही, हे खरे उत्तर मला त्याला द्यावे लागले. गवंडी बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, ‘‘शनिवारी मी सोडतो तुला.’’

अर्ज भरला आहे. आदेश हाती आला की धर्मसभेच्या कायद्यातील ५३५ व्या कलमानुसार दत्तकाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत करता येईल. त्या पानात मी एक कोरी चिठ्ठी घालून ठेवली आहे.