राक्षसाने राखली लाज

गायकाला तोंड असावं की नुसता गळा असावा, या प्रश्नावर आपल्याकडे म्हणावा तितका विचार झालेला नाही. आमच्या लहानपणी गाणारी माणसं रेडिओत राहायची. त्यांना आवाज असे, नाव असे. पण तोंड नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे. पुढे टेलिव्हिजन आला आणि तान घेताना माणसाच्या जबड्याचं नेमकं काय होतं, ते उभ्या महाराष्ट्राला दिसू लागलं. तेव्हापासून काही गाणी मी डोळे मिटूनच ऐकतो. लोक म्हणतात, "काय तल्लीन झालेत!" मी म्हणू देतो.

या दुखण्यावर फिनलंडच्या टोमी पुतान्सू नावाच्या रॉक गायकाने जो तोडगा काढला, तो आमच्या एकाही बुवांना सुचला नाही. हा गृहस्थ राक्षसाचं तोंड लावून गातो. मिस्टर लॉर्डी हे त्याचं रंगमंचावरचं नाव, आणि त्याच्या वाद्यवृंदाचं नावही लॉर्डीच. भयाण चेहरा, लांब नख्या, उंच टाचांचे बूट आणि अंगावर कुठल्या प्राण्याचं म्हणावं ते कळू नये असं कातडं. भाच्याने मला संगणकावर त्याचं गाणं दाखवलं, तेव्हा ही स्वयंपाकघरातून डोकावली.

"अगंबाई! दृष्ट काढायला हवी."

"त्याची?"

"आपली!"

इतक्यात पडद्यावर राक्षसाच्या पाठीतून भलेमोठे पंख उघडले. भाचा म्हणाला, "मामी, ते मुखवटे आणि पोशाख तो स्वतःच्या हाताने बनवतो." झालं! हिचं मत जागच्या जागी बदललं. "बघा! नाहीतर तुम्ही. शर्टाचं बटण तुटलं तर महिनाभर टाचणी लावून हिंडता." राक्षसाशी तुलना होऊन त्यात आपण कमी पडावं, हा योग फार थोड्या नवऱ्यांच्या नशिबी येतो.

टोमीचा जन्म १९७४ सालचा, गाव रोव्हानिएमी. हे गाव फिनलंडच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताला खेटून. ऐन हिवाळ्यात तिथे सूर्य तोंड दाखवतो न दाखवतो तोच घरी जातो. सांताक्लॉजचं अधिकृत गाव म्हणून रोव्हानिएमीची ख्याती. म्हणजे गावाचे दोन पुरुष जगप्रसिद्ध, आणि दोघांचीही खरी तोंडं जगाला ठाऊक नाहीत! एक पोरांना खाऊ देणारा, दुसरा पोरांना खाईल असा दिसणारा.

अमेरिकेच्या 'किस' या वाद्यवृंदाचा टोमी निस्सीम भक्त. इतका, की किसच्या फिनलंडमधल्या चाहत्यांच्या मंडळाचा तो अध्यक्षच होता. किसवाले तोंडाला रंग फासून गात. गुरूने तोंड रंगवलं, शिष्याने तोंडच बदललं. १९९२ साली त्याने 'लॉर्डी'चा संसार मांडला, आणि पहिली तबकडी बाजारात यायला २००२ साल उजाडलं. राक्षसाला दहा वर्षं उमेदवारी करावी लागली, हे वाचून मला बरं वाटलं. त्या पहिल्या गाण्याचं नाव 'वुड यू लव्ह अ मॉन्स्टरमन?' म्हणजे एखाद्या राक्षसावर तुमचं प्रेम जडेल का? दहा वर्षं थांबलेल्या माणसाला हा प्रश्न पडायचाच. फिनलंडने ते गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर नेऊन उत्तर दिलं: जडेल की!

आता फिनलंडचं एक जुनं दुखणं सांगायला हवं. युरोपात दरवर्षी 'युरोव्हिजन' नावाची गाण्याची स्पर्धा भरते. प्रत्येक देश आपलं एक गाणं पाठवतो आणि बाकीचे देश त्याला गुण देतात. स्वतःच्या देशाला गुण द्यायची सोय नाही, नाहीतर फिनलंडचं बरं चाललं असतं. १९६१ साली या देशाने पहिलं गाणं पाठवलं. १९६३ साली शून्य गुण मिळाले. १९६५ साली पुन्हा शून्य. १९७३ साली सहावा नंबर आला, तर तोच पुढे तेहतीस वर्षं घराण्याचा दागिना म्हणून जपून ठेवावा लागला. १९८२ साली कोयो या रॉक गायकाला पाठवलं. त्याचं गाणं अणुबॉम्बच्या धोक्याविषयी होतं. बॉम्बपासून सावध राहा असं सांगायला आलेल्या माणसाला सगळ्या युरोपने मिळून किती गुण द्यावेत? शून्य. पुढे तर अशीही वर्षं आली, की आधीचे गुण कमी म्हणून फिनलंडला स्पर्धेत प्रवेशच नव्हता. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. तो नापास झाला की गुरुजीसुद्धा रागवत नसत, नुसते हसत. रागावणं बंद होऊन हसणं सुरू होतं, तेव्हा खरं लागतं. युरोपच्या वर्गात फिनलंड त्या बाकावर पंचेचाळीस वर्षं बसला होता.

२००६ साली या देशाने स्पर्धेला राक्षस पाठवायचं ठरवलं. स्पर्धा अथेन्समध्ये, गाणं टोमीनेच लिहिलेलं: 'हार्ड रॉक हालेलुया'. लगेच ओरड सुरू झाली. ही ध्यानं देशाची अब्रू घालवणार, असं घरच्यांपैकी काहींचं म्हणणं. ती उरली होती किती, हा हिशेब कुणी केला नाही! तिकडे ग्रीसमध्ये काही मंडळींनी यांना सैतानाचे भक्त ठरवून गाण्याला बंदी घालायची मागणी केली. गाण्याच्या नावात हालेलुया, म्हणजे चक्क देवाचा जयजयकार होता, त्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. तोंड पाहून माणसाची परीक्षा करायची खोड फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

२० मेच्या रात्री मतं मोजली गेली. फिनलंड २९२, दुसऱ्या आलेल्या रशियाला २४८. शेवटच्या बाकावरचा मुलगा बोर्डात पहिला! सहा दिवसांनी हेलसिंकीच्या समुद्राकाठच्या बाजारचौकात सुमारे ८०,००० माणसं जमली आणि ते गाणं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. एका सुरात हे आपलं म्हणायचं. ८०,००० माणसं जमल्यावर सूर कोण बघतो? फिनिश माणसं मितभाषी म्हणून प्रसिद्ध, शेजारच्याशी हवापाण्यावर बोलायलाही जीवावर येणारी. तीच माणसं त्या दिवशी अनोळखी खांद्यांना खांदा लावून ओरडत होती.

पण मला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती विजयासाठी नव्हे, तर त्यानंतर जे घडलं त्यासाठी. एवढा मोठा विजय मिळाल्यावर मुखवट्यामागे कोण आहे, हे पाहायची खाज सुटणारच. देशोदेशीच्या पत्रकारांनी जुने फोटो हुडकले, आणि फिनलंडमधल्या एका साप्ताहिकाने टोमीचा उघडा चेहरा छापला. एरवी अशा वेळी काय होतं? अंक हातोहात खपतो आणि 'शी, काय ही पत्रकारिता!' असं म्हणत माणसं तो शेजाऱ्याला वाचायला देतात. इथे उलटं झालं. लोक खवळले. या साप्ताहिकावर बहिष्कार घाला, म्हणून लाखावर लोकांनी सह्या केल्या. देशाची एकूण वस्ती बावन्न लाखांच्या आसपास, हे ध्यानात घ्या. साप्ताहिकाला माफी मागावी लागली. 'आम्हांला दाखवा' म्हणून मोर्चे निघालेले मी पुष्कळ पाहिलेत. 'आम्हांला दाखवू नका' म्हणून सह्या गोळा करणारे हे पहिलेच!

मला त्या लोकांचं मन कळतं. आम्हां मध्यमवर्गीयांचं निम्मं आयुष्य झाकण्यात जातं. सोफ्याचं फाटकं कापड विणलेल्या रुमालाखाली झाकायचं, महिनाअखेरीची चणचण पाहुण्यांपुढच्या पोह्यांखाली झाकायची, आणि ऑफिसात साहेब बोलला तो अपमान घरी येताना जिन्यातच हसऱ्या तोंडाखाली झाकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण काही चैनीतून आलेली नाही. ज्याने देशाची लाज राखली, त्याची मूठ उघडायची नाही, एवढंच त्या लाखभर माणसांनी ठरवलं. पारितोषिकं पुष्कळांना मिळतात. 'तू झाकलेलं आम्ही पाहणार नाही' हा मान फार थोड्यांना मिळतो.

पुढची हकिकत चारचौघांसारखीच. रोव्हानिएमीने गावातल्या एका चौकाला लॉर्डीचं नाव दिलं. २००७ साली विजेत्याच्या घरी म्हणून युरोव्हिजन हेलसिंकीत भरलं. लॉर्डीचं एक उपाहारगृहही गावात निघालं होतं, ते २०११ साली बंद पडलं. हॉटेलच्या धंद्यापुढे राक्षसाचंही काही चालत नाही. अथेन्सला त्याच्याबरोबर वाजवणारे चौघे एकेक करून सोडून गेले. २०२२ पर्यंत त्या पाचांतला तो एकटाच उरला. तरी तबकड्या थांबल्या नाहीत. साथीच्या काळात कार्यक्रम रद्द झाले तेव्हा तुम्ही-आम्ही घरात बसून ताप मोजला. याने २०२१ साली एकदम सात तबकड्या काढल्या, प्रत्येक निराळ्या ढंगाची, जणू त्या निरनिराळ्या काळातल्या जुन्या तबकड्या असाव्यात.

प्रत्येक नव्या तबकडीबरोबर तो मुखवटाही नवा बनवतो. आता त्यानेही पन्नाशी ओलांडली आहे. या वयात कपाळावरच्या आठ्या मोजायला माणसाला आरसा लागत नाही, लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक ते काम करतात. "खूपच उतरलात हो!" असं कुठल्याशा लांबच्या मावशींनी मला मागच्याच महिन्यात भर पंगतीत ऐकवलं. टोमीला ते भय नाही. त्याच्या सुरकुत्या कुठे पडाव्यात, किती खोल असाव्यात, हे तो स्वतः ठरवतो, आणि हिच्या माहितीसाठी पुन्हा सांगतो, स्वतःच्या हाताने बनवतो.