गणवेशातली मोठी माणसं

शाळेत गाईड कॅप्टन कशी नेमली जाते, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. जूनमध्ये मुख्याध्यापक कामांची वाटणी करतात. परीक्षा विभाग, सहल, स्नेहसंमेलन, शालेय पोषण आहार वगैरे एकेकाच्या गळ्यात पडत जातं आणि शेवटी उरलेलं काम सगळ्यात नव्या बाईंच्या नावापुढे लिहिलं जातं. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा गाईडचं पथक माझ्याकडे असंच आलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पथकातल्या मुलींनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांना निळा गणवेश मिळाला होता, मला एक रजिस्टर मिळालं होतं.

पुढे मी प्रशिक्षक झाले आणि आता बरीच वर्षं जिल्ह्यातल्या नव्या कॅप्टन आणि स्काऊटमास्तरांच्या शिबिरांना जाते. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलांसाठी आपला वेळ देणाऱ्या मोठ्या माणसाची पहिली कदर त्याला मन लावून शिकवण्यात असते. शाल, श्रीफळ, पदक हे सगळं त्याच्यानंतर. ज्याला कुणी नीट शिकवलंच नाही, त्याच्या गळ्यात हार घातला तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर तो गोंधळलेलाच उभा राहतो.

स्काऊटिंगचा इतिहास नव्या मंडळींना सांगताना मला एक गोष्ट फार आवडते. ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं आणि 1908 मध्ये मुलांसाठी पुस्तक काढलं. ते पाक्षिक भागांमध्ये निघत होतं. ते वाचून ठिकठिकाणच्या मुलांनी आपापले संघ बांधले आणि मग आमचे स्काऊटमास्तर होता का, असं विचारत ती एखाद्या मोठ्या माणसाच्या शोधात निघाली. म्हणजे मुलं आधी जमली, मोठी माणसं मागून आली. या मागून आलेल्यांना शिकवायची कायमची सोय व्हायला 1919 साल उजाडलं. मॅक्लारेन नावाच्या एका स्कॉटिश स्काऊट कमिशनरने दिलेल्या पैशांतून लंडनजवळची गिलवेल पार्क ही जागा घेतली गेली आणि त्या सप्टेंबरमध्ये तिथे वुड बॅजचं, म्हणजे स्काऊटमास्तरांच्या प्रशिक्षणाचं, पहिलं शिबिर झालं. शिबिरार्थी होते 19. एवढी मोठी माणसं मुलांसारखी संघ करून राहिली, त्यांनी स्वतः स्वयंपाक केला, तंबू ठोकले. आजही आपल्याकडे हिमालय वुड बॅज पूर्ण करणाऱ्याच्या स्कार्फवर मागच्या बाजूला मॅक्लारेन घराण्याच्या चौकड्याच्या कापडाचा तुकडा असतो आणि गळ्यात चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी असतात. साहाय्यक प्रशिक्षकाला तीन, प्रशिक्षकाला चार. पहिले मणी दिनुझुलू या झुलू राजाच्या माळेतले होते असं सांगतात. ती माळ इंग्रज सैन्याच्या मोहिमेच्या काळात बेडन पॉवेल यांच्या हाती आली. मी हे सांगते तेव्हा ती माळ कुणाची होती तेही सांगते. गळ्यात घालायच्या वस्तूचा इतिहास घालणाऱ्याला पूर्ण ठाऊक हवा.

आपल्या देशात तर मोठ्या माणसांनी या कामासाठी भांडण केलं आहे. 1909 मध्ये बंगळुरात स्काऊटिंग सुरू झालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना तिथे दार बंद होतं. मग काही वर्षांनी ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला आपल्या संघटना उभ्या केल्या. कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे पुढे अध्यक्ष झालेले. संसदेचं काम सांभाळून ते भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. नागपूरचे विवियन बोस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते आणि त्यांनीही आयुष्याचा मोठा भाग स्काऊटिंगला दिला. या माणसांना जूनच्या यादीत कुणी घातलं नव्हतं.

असो. आता मला एका ताईंबद्दल सांगायचं आहे, कारण माझं हे मत पक्कं झालं ते त्यांच्यामुळे.

शाळेच्या पथकांखेरीज खुली पथकंही असतात. वस्तीतली मुलं-मुली एकत्र येतात आणि शिक्षक नसलेली माणसंही ती चालवू शकतात. आमच्या शहरात असं एक पथक आम्ही सुरू केलं. त्यातल्या एका मुलीची आई दर रविवारी तिला सोडायला यायची. घरी शिलाई मशीन, ब्लाऊज आणि परकर शिवायचं काम, शिक्षण दहावीपर्यंत. बाकीचे पालक मुलांना सोडून निघून जायचे, या ताई थांबायच्या. एकदा खरी कमाईच्या आठवड्यात मुली घरोघर जाऊन कामं करून पैसे मिळवत होत्या, तेव्हा कोण कुठल्या घरी गेलंय, कोण अजून परतलं नाही, याचा हिशेब त्यांनी न सांगता ठेवला होता. संध्याकाळी मी कमाईची कार्डं तपासायला घेतली तर त्यांच्याकडे सगळी यादी तयार, आणि दोन मुलींना आणायला त्या स्वतः निघालेल्या.

मी त्यांना विचारलं, "ताई, कॅप्टनचं शिक्षण घ्याल का?"

"ते बाईंचं काम. आम्ही आपलं सोडणं-आणणं करतो."

या उत्तरावर मी गप्प बसले नाही. माणसाला नीट विचारणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. काय करायचं, किती दिवस, कुणाबरोबर, शिकवणार कोण, अडलं तर मदत कुणाची, हे सगळं मी त्यांच्या घरी बसून सांगितलं. त्यांचे यजमान आणि सासूबाई समोर होत्या. सासूबाईंनीच शेवटी विचारलं, "सात रात्री बाहेर राहायचं म्हणजे झोपायला सोय कशी?" तंबूत सगळ्या बायकाच असतात, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग जाऊ दे की."

या शिक्षणाचा पहिला टप्पा म्हणजे बेसिक कोर्स. तो त्या वर्षी पावसाच्या शेवटाशी एका आश्रमशाळेच्या मैदानावर होता. ताईंच्या संघात चार शिक्षिका होत्या आणि एक मुख्याध्यापिका. निवृत्तीला आलेल्या, करड्या शिस्तीच्या, सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेल्या बाई. गाईडच्या संघांना फुलांची नावं असतात, यांचा संघ मोगरा. पहिले दोन दिवस ताई बोलल्याच नाहीत. व्याख्यान चालू असताना वही उघडी, पेन हातात, कागद कोरा. भोजनाच्या रांगेत त्या सगळ्यांच्या मागे. मुख्याध्यापिका बाईंना त्या "मॅडम, मी घासते, द्या" म्हणून ताट मागायच्या आणि बाईही सवयीने देऊन टाकायच्या. मी ते पाहत होते. त्या वेळी मध्ये पडले असते तर दोघीही अवघडल्या असत्या.

शिबिरात संघनायकपद दररोज फिरतं. तिसऱ्या दिवशी ते ताईंकडे आलं आणि त्याच दिवशी होता बिनभांड्यांचा स्वयंपाक. पातेलं नाही, तवा नाही. वांगी निखाऱ्यात भाजायची, कणकेची पट्टी काठीला गुंडाळून फिरवत शेकायची, शहाळ्यात तांदूळ घालून भात करायचा. रात्री पाऊस झाला होता, सरपण भिजलेलं. मोगरा संघाची चूल पेटेना. मुख्याध्यापिका बाई फुंकून फुंकून थकल्या, डोळ्यांतून पाणी, धूर नुसता. शेजारच्या संघाचा विस्तव चांगला धरला होता आणि तिकडून हसण्याचे आवाज येत होते.

ताईंनी एक जाडसर फांदी उचलली, उभी धरली, कोयत्याने मधोमध चिरली, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे केले. वरचं साल आणि ओलं लाकूड बाजूला काढलं. आतला गाभा कोरडा होता. त्याच्या त्यांनी सुरीने अशा पातळ ढलप्या सोलल्या की त्या काडीलाच चिकटून राहिल्या, पिसासारख्या. तशा पाच-सहा काड्या एकमेकींवर उभ्या रचल्या, खाली आगपेटीची काडी ओढली. पेटलं. लगेच जाड लाकूड नाही टाकलं, बोटाएवढ्या चिरफळ्या एकेक करून लावत गेल्या. हे सगळं चालू असताना तोंडाने एक शब्द नाही. मुख्याध्यापिका बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. चूल धरल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, ती कातरलेली काडी कशी करायची ते मला दाखवा. हळू करा." आणि ताईंनी दाखवलं. सुरी आपल्याकडे नाही, पुढे चालवायची. अंगठा पात्यावर नाही ठेवायचा. बाईंच्या पहिल्या दोन काड्या तुटल्या, तिसरी जमली.

त्या दुपारी ताट कुणी घासायचं याचा प्रश्न आला नाही. ज्याचं त्याने घासलं. रात्री शेकोटीपाशी संघाच्या नोंदवहीत त्या दिवसाचं टिपण लिहायचं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी वही ताईंकडे दिली आणि त्यांनी लिहिलं. अक्षर मोठं, ओळी जरा खाली झुकलेल्या, पण सरपण, वेळ, काय चुकलं, काय जमलं, सगळं होतं.

मोठ्या माणसांना मुलांसारखं संघात ठेवण्याची युक्ती गिलवेलपासून चालत आली आहे आणि तिला पर्याय नाही, असं मला वाटतं. कागदावर शिकवून संघपद्धती कळत नाही. दुसऱ्याच्या हाताखाली राहून, दुसऱ्याने शिजवलेलं कच्चं खाऊन, रांगेत भिजूनच ती कळते. ज्या कॅप्टनने स्वतः संघनायकाचा एक दिवस काढला आहे, ती बारा वर्षांच्या संघनायिकेच्या हातातून काम हिसकावून घेत नाही.

प्रशिक्षणात आणखी एका गोष्टीवर मी अजिबात सवलत देत नाही. मुलांबरोबर असताना दोन मोठी माणसं हवीतच, एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा तंबूत एकटं मोठं माणूस नको. हा नियम ऐकून काही जण दुखावतात, आमच्यावर विश्वास नाही का, असं विचारतात. मी सांगते, हा नियम तुमचंही रक्षण करतो. तरीही तो ज्याला अपमान वाटतो त्याने दुसरं समाजकार्य शोधावं.

आता सन्मानाचं. संघटनेत मोठ्यांसाठी मेडल ऑफ मेरिट आहे, सिल्व्हर स्टार आहे, सिल्व्हर एलिफंट आहे. हे सन्मान मोलाचे आहेत आणि ते मिळवलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना वर्षं लागतात, प्रस्ताव लागतात, आणि खालच्या पथकात राबणारी बहुतेक माणसं तोवर थकून गेलेली असतात. एका मेळाव्यात तर मी पाहिलं, व्यासपीठावर पाहुण्यांना शाली दिल्या जात होत्या, आणि पहाटेपासून मुलांच्या पोह्यांसाठी कांदे चिरणाऱ्या तीन आया मांडवाच्या मागे उभ्या होत्या. त्यांची नावंही सूत्रसंचालकाकडे नव्हती. मला त्या दिवशी फार राग आला.

तेव्हापासून आमच्या खुल्या पथकात आम्ही एक पद्धत पाडली. महिन्याला संघनायिकांची बैठक, म्हणजे मानसभा, होते. तिच्यात शेवटचा विषय कायम असतो: या महिन्यात कुठल्या मोठ्या माणसाने आपल्याला काय शिकवलं किंवा काय मदत केली? नाव आणि काम, दोन्ही सांगायचं. "छान वागतात" चालत नाही. मुली नेमकं बोलतात. "ताईंनी मला स्कार्फची किनार दुमडायला शिकवली", "काकांनी पंचर काढून दिलं आणि मलाही काढायला लावलं". ते नोंदवहीत चढतं आणि त्यावरून आम्ही पोस्टकार्ड लिहितो, घरच्या पत्त्यावर. पोस्टकार्ड का, तर ते घरातलं कुणीही वाचतं. ताईंच्या यजमानांनी त्यांचं पहिलं कार्ड आपल्या दुकानातल्या काचेखाली ठेवलं होतं, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. त्यानंतर शिबिराच्या वेळी स्टँडवर सोडायला ते स्वतः यायला लागले.

ताईंचा ॲडव्हान्स कोर्स झाला. पुढे पिपरियाला रेल्वेतून उतरून, जीपने घाट चढून त्या पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात हिमालय वुड बॅजचं शिबिरही करून आल्या. दोन मणी गळ्यात आले. आता जिल्ह्याच्या बेसिक कोर्सला लाकूड, चूल आणि गाठींचा तास त्याच घेतात, समोर पदवीधर शिक्षिका असतात. त्यांच्या मेडल ऑफ मेरिटचा प्रस्ताव मी तयार केला आहे आणि त्याचा पाठपुरावा सोडणार नाही.

पण आमच्या दोघींचा सध्या एका गोष्टीवर वाद चालू आहे. शिक्षिकांना शिबिराला येण्यासाठी कर्तव्यरजा मिळते. शिवणकाम करणारी, भाजीचा गाळा चालवणारी, रिक्षा चालवणारी माणसं सात दिवस आली की सात दिवसांची कमाई जाते. अशी माणसं आम्हाला हवी आहेत, आणि त्यांच्यासाठी तरी कोर्स शनिवार-रविवारमध्ये तोडून घ्यावा, असं माझं म्हणणं. अमेरिकेत वुड बॅज दोन जोडून आलेल्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्यांत विभागूनही होतो, तसा आपल्याकडेही करता येईल. ताईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, "मॅडम, मी दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं. रविवारी घरी गेले असते तर परत आलेच नसते."

मला त्यांचं पटतं आणि कमाईचा प्रश्नही सुटत नाही. शेवटी त्यांनीच तोड सुचवली. कोर्स सलग सात दिवसांचाच ठेवायचा, पण पितृपक्षात. तेव्हा लग्नं नाहीत, खरेदी नाही, शिवायला कुणी कापड आणत नाही. गणपती उठल्यामुळे मांडववालेही मोकळे असतात. शाळांच्या सहामाही परीक्षा त्या सुमारास येतात, त्यामुळे शिक्षक कुरकुर करतील. करू देत. जिल्हा संघटकांकडे मी पितृपक्षातल्या तारखा लिहून दिल्या आहेत, आणि त्या मंजूर होईपर्यंत दर सोमवारी फोन करणार आहे.