फी कंपनीची, इमारत गावाची

कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूडचा कारखाना आठवतो. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत सुरू झालेला. कंपनीचं मूळ गाव मात्र इंडियाना राज्यातलं कोलंबस. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. इथली बरीच मराठी घरं कमिन्सच्या डिझेल इंजिनांच्या मागोमागच आली, आमचंही त्यातलंच.

पाहुण्यांना शिकागो, नायगारा पाहायचा असतो. मी त्यांना आधी वॉशिंग्टन स्ट्रीटला नेतो. ही गावची जुनी पेठ. एका टोकाला १८७४ चं लाल विटांचं कोर्ट, पुढे १९०० पासूनचं झाहाराकोस आइस्क्रीम पार्लर. अशा विटांच्या शेजारात एरो सारिनेन या वास्तुरचनाकारानं १९५४ मध्ये बँक बांधली, ती बैठी आणि चक्क काचेची. तोवर बँक म्हणजे दगडी खांब आणि गजांआडचा कॅशियर. इथे गज नाहीत, आडोसा नाही. पुढे ती वास्तू कमिन्सकडे गेली. "ही बँक होती की शोरूम?" मामांनी विचारलं होतं.

जवळच एरोच्या वडिलांचं, एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च. समोर आय. एम. पेईंचं १९६९ चं ग्रंथालय आणि त्याच्या अंगणात हेन्री मूरची ब्राँझची भलीमोठी कमान. पोरं खुशाल तिच्याखालून पळतात.

या सगळ्यामागे कमिन्सचे तेव्हाचे प्रमुख जे. अर्विन मिलर. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलं वाढली, शाळा भराभर बांधायची वेळ आली. मिलर यांनी प्रस्ताव ठेवला : आमच्या यादीतला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन देईल. बांधकामाचा खर्च मात्र गावाचा. हॅरी वीझची पहिली शाळा १९५७ मध्ये झाली. पुढे अग्निशमन केंद्रालाही रॉबर्ट व्हेंचुरीसारखा रचनाकार मिळाला.

यात धंदा होताच. हुशार इंजिनिअर लहान गावात टिकवायचा, तर गाव राहण्याजोगं हवं. आम्ही त्याच हिशेबात इथे आलो. सगळंच टिकलं असंही नाही. १९७१ ची 'द रिपब्लिक' दैनिकाची काचेची इमारत रस्त्यावरून छपाईयंत्र दिसावं म्हणून तशी बांधलेली. यंत्र गेलं, पुढे तिथे वास्तुकलेचे विद्यार्थी शिकू लागले.

"आपल्याकडे असं का होत नाही?" हा पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. एकूण खर्चात रचनाकाराची फी लहानच असते, आणि मिलर यांनी नेमकी तेवढीच उचलली. प्राथमिक शाळेलाही उत्तम रचनाकार लागतो, हे आधी कुणाला तरी वाटावं लागतं.