पोर्टोबेलोचा लाल कोट

कंपनीनं ऑनसाइटला लंडनला धाडलंय? शनिवार मोकळा आहे? मग ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं विंडो शॉपिंग राहू द्या. ट्यूब पकडा, नॉटिंग हिल गेटला उतरा आणि गर्दीच्या मागोमाग चालू लागा. पोर्टोबेलो रोड येतोच. चांदीचे चमचे, जुने कॅमेरे, टाइपरायटर... आणि मधूनच हँगरला लटकलेला एखादा लष्करी कोट. लाल भडक, पितळी बटणांचा. आपल्या चोरबाजाराचा गोरा चुलतभाऊच म्हणा ना!

या कोटांची क्रेझ जुनी आहे. १९६० च्या दशकात याच रस्त्यावर एक दुकान होतं. नाव भन्नाट : ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅले’, म्हणजे ‘मी लॉर्ड किचनरचा खासगी नोकर होतो’! हाच किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता. लष्करानं मोडीत काढलेले कोट इथे विकायला असत. १९६६ मध्ये मिक जॅगर इथला लाल कोट घालून टीव्हीवर झळकला आणि तरुणाईची झुंबड उडाली. आजोबांचा गणवेश नातवाची फॅशन झाला.

पण संग्राहक नावाची जमात वेगळी. त्यांना कोट कसा दिसतो यापेक्षा तो कुणाचा होता, यात जास्त रस!

बटणं बोलतात

सगळ्यात सोपा फंडा बटणांचा. बकिंगहॅम पॅलेससमोर लाल कोटातले गार्ड दिसतात ना, त्यांची बटणं मोजा. एकेक बटण सारख्या अंतरावर असेल तर तो ग्रेनेडियर. दोन-दोनच्या जोड्या, कोल्डस्ट्रीम. तीन-तीन, स्कॉट्स. चार-चार, आयरिश आणि पाच-पाच असतील तर वेल्श गार्ड. दोन मिनिटांत तुम्ही एक्सपर्ट!

पायदळाच्या बटणावर नुसता रेजिमेंटचा आकडा असेल, तर माल बहुधा १८८१ च्या आधीचा. त्या वर्षी आकडे जाऊन परगण्यांची नावं आली. बटण उलटं करून पाठही बघा. तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं, कधीकधी पत्ताही. फर्म कुठल्या पत्त्यावर कधी होती ते माहीत असलं, की काळ बराच नक्की करता येतो.

मुकुट मात्र चकवतो. गोलसर कमानींचा ट्यूडर मुकुट १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला. एलिझाबेथ राणी आल्यावर मुकुटाचा आकार बदलला. पण २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सनं पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला. त्यामुळे नवाकोरा बिल्ला ‘पहिल्या महायुद्धातला’ म्हणून गळ्यात पडू शकतो. सांभाळून!

नकली माल ओळखायला संग्राहक खिशात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ठेवतात. आधुनिक सिंथेटिक दोरा तिच्या प्रकाशात चमकतो. अर्थात, जुना कोट कुणी नव्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तोही चमकतो. म्हणून एका पुराव्यावर कुणी पैसे काढत नाही.

आणि खाकी दिसली तर जरा थांबा. हा रंग आपल्या उपखंडातला. १८४६ च्या सुमाराला पेशावरला हॅरी लम्सडेननं ‘कोअर ऑफ गाइड्स’ उभी केली आणि तिच्या जवानांना मातकट कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. ब्रिटनमधल्या फौजेच्या अंगावर हा रंग रोजचा म्हणून चढला तो १९०२ मध्ये.

अस्तरातला माणूस

खरी गंमत कोटाच्या आत. अस्तरावर शाईनं लिहिलेला नंबर, अर्धवट पुसलेलं आडनाव. १९२० मध्ये ब्रिटिश लष्करानं प्रत्येक रेजिमेंटला आकड्यांचा वेगळा गट दिला. त्यामुळे त्यानंतरचा जवान मुळात कुठे भरती झाला, हे नंबरावरून कळतं. पुढचा मुक्काम क्यू इथलं नॅशनल अर्काइव्हज. रीडर्स तिकीट फुकट मिळतं. युद्धात पडलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत घरबसल्या शोधता येतात. त्यात आपले मराठा जवानही आहेत.

पण पहिल्या महायुद्धातला साधा शिपाई शोधायला गेलात, तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं लष्कराचं दफ्तर पेटलं आणि या शिपायांच्या सेवेच्या नोंदींपैकी सुमारे ६० टक्के खाक झाल्या. पदकांची कार्डं तेवढी बरीचशी वाचली. म्हणजे त्या माणसाची उंची, त्याचं गाव, त्याच्या जखमा, सगळं गेलं. अशा वेळी अस्तरावरचा तो नंबर म्हणजे केवढा ऐवज!

म्हणून कोट घ्या, मिरवा, पार्टीला घाला. फक्त फिटिंगसाठी टेलरकडे टाकाल तेव्हा एवढं सांगा : बाह्या कमी कर, पण अस्तर फाडू नकोस आणि लेबल उसवू नकोस. ज्याचे कागद जळाले, त्याची सही कदाचित तेवढीच उरली असेल.