आठ वर्षांची कारवी, दरवर्षीचा वणवा

काशीगावातून माशाच्या पाड्याकडे वळायचं, डोंगराच्या कडेकडेने चेण्याच्या नदीपर्यंत जायचं आणि घोडबंदर रस्त्याने परत यायचं, ही फेरी पावसाळ्यात करणारे पुष्कळ आहेत. मी ती होळीनंतर करावी या मताचा आहे. हिरवाईत या डोंगराचं दुखणं, दरवर्षीचा वणवा, झाकलं जातं.  

जळालेल्या उतारावर आधी दिसतात ती जिवंत राहिलेली मोठी झाडं. बुंधा कोळशासारखा काळा आणि वर पळस केशरी फुललेला. यावरून म्हटलं जातं की पानझडी जंगलाला आग नवी नाही, पहिल्या पावसात सगळं हिरवं होतं. हे अर्धंच खरं आहे. हिरवं होतं ते मुख्यतः गवत. नजर जरा खाली आणली की ऐनाची, खैराची, कुड्याची हात-दीड हात वाढलेली रोपं काड्या होऊन उभी दिसतात. सागाला बुडातून धुमारे फुटतात, पण पुढच्या उन्हाळ्यात तेही जळतात. थोरली झाडं आहेत, त्यांच्यामागे पोरं नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत गवत माजतं, आणि वाळलेलं गवत म्हणजे पुढच्या वणव्याचं सरपण.

माझं म्हणणं सगळ्यात स्पष्ट होतं ते कारवीपाशी. कुडाच्या भिंतींना जिच्या काठ्या लागत, ती ही कारवी सात वर्षं नुसती पानं मिरवते, आठव्या वर्षी जांभळी फुलते आणि बी धरून मरते, तीही एकटीदुकटी नव्हे, अख्ख्या डोंगरानिशी. याच डोंगररांगेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. फुलांचे फोटो काढून माणसं घरी गेली. खरी जोखीम त्यानंतर सुरू झाली. बी वाळक्या बोंडांत उन्हाळाभर झुडपावरच राहतं आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की बोंडं तडकतात. म्हणजे फुलोऱ्यानंतरचा पहिलाच उन्हाळा बी भरलेल्या वाळक्या झुडपांचा, एक ठिणगी पुरेल असा. त्यातून वाचून रुजलेल्या रोपांना २०३२ पर्यंत प्रत्येक उन्हाळा काढायचा आहे. एखाददुसरी आग जंगल सोसतं. दरवर्षीची आग आठ वर्षांचं गणित जुळूच देत नाही.

वणवा निसर्गाचाच भाग, असं म्हणणाऱ्यांनी इथलं हवामान आठवावं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत या डोंगरावर विजा पडत नाहीत. विजा येतात त्या वळवाबरोबर, पाऊस घेऊन. मग आग लावतं कोण? बोट लगेच आदिवासी पाड्यांकडे जातं. चाऱ्यासाठी गवत पेटवलं जातं, हे नाकारून चालणार नाही. पण राब भाजणारा शेतकरी आपल्या खाचरात, वारा बघून भाजतो, आणि जंगल जळालं की फाटी-भाजीला पहिला तोच मुकतो. विझवली न गेलेली चूल, फेकलेली विडी, कचऱ्याची आग यांना कोणती जमात चिकटवणार?

जूनमध्ये इथे रोपं लावण्याचा उत्साह असतो, त्याला माझी हरकत नाही. फक्त ती रोपंही त्याच गवतात लागतात. त्यापेक्षा मला जाळरेषेचं रूक्ष काम मोलाचं वाटतं: फेब्रुवारीच्या मध्याआधी पट्टा कापायचा, त्यातलं गवत राखणीखाली जाळून टाकायचं आणि पुढचे चार महिने पाळत ठेवायची. त्या कामाचे फोटो कोणी काढत नाही, आणि काळा पट्टा दिसायलाही वाईटच.