नळाला आलेल्या मुंग्या

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याच्या वाट्याला वडिलोपार्जित घर आले नसावे. आले असते, तर ‘जुने घर पाहावे उकलून’ हे तिसरे कलम त्याने खात्रीने जोडले असते.

बडोद्यात रावपुऱ्यामागच्या एका गल्लीत आमचे दुमजली घर आहे. सयाजीराव महाराजांच्या अखेरच्या वर्षांत ते आजोबांनी बांधले. विटा-चुन्याच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया. वीज पुढे वडिलांनी घेतली. लाकडी पट्ट्यांवर क्लिपांनी बसविलेल्या रबरी वेष्टनाच्या तारा, चिनी मातीचे फ्यूज आणि काळे, गोल बटण. तेव्हा घरात सहा दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. नंतर त्याच तारांवर फ्रिज आला, मिक्सर आला, न्हाणीघरात गीझर आला. फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा त्यात दुहेरी तार घालण्याची विद्या आम्ही वडिलांकडून शिकलो आणि ‘आमच्या घरी फ्यूज जात नाही’ असे शेजारीपाजारी सांगत राहिलो. अशक्त तारेने आधी वितळावे, म्हणजे बाकीच्या तारा वाचतात, एवढाच फ्यूजचा धर्म. तो आम्ही मोडला, आणि तापण्याची पाळी घरभर पसरलेल्या तारांवर आणली.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरले नाही. पण संततधारेने भिंती चिंब झाल्या. त्या आठवड्यात एका पहाटे आई न्हाणीघरातून म्हणाली, “अरे, नळाला मुंग्या आल्यात.”

आईचे वय चौऱ्यांशी, त्यात मधुमेह. आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, “आई, मुंग्या नळाला नाहीत, तुझ्या हाताला आल्यात. डॉक्टरांना विचारू.” तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती हाताला कोरडा पंचा गुंडाळून नळ सोडताना दिसली, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौ.चा हात त्याच नळाला लागला आणि हातातला तांब्या दूर जाऊन पडला. शाळेत मुलांना ‘दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिका’ असे सांगण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. तो तांब्या अजून कानांत वाजतो.

वायरमन आला. त्याने पट्टीवरची तार नुसती वाकवली, तर वेष्टनाचे रबर खाकऱ्यासारखे तुटून हातात आले. घरात अर्थिंगची तारच नव्हती. गीझरमधून गळणारी वीज लोखंडी नळातून थेट तोटीपर्यंत पोहोचत होती. “आ तो भगवान भरोसे चाले छे, साहेब,” तो म्हणाला. त्याने मुख्य बटण बंद केले. त्या रात्री आम्ही कंदील शोधला.

भिंत फोडू लागताच दुसरे दुखणे उघडे पडले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात माजघराच्या भिंतीला तडा गेला होता. आम्ही तो सिमेंटने बुजवून, भिंत पक्की व्हावी म्हणून खालपासून वरपर्यंत सिमेंटचाच गिलावा चढविला होता. चुन्याची भिंत ओल पिते आणि ती हवेत सोडूनही देते. आम्ही तिचा श्वासच कोंडला. ओल आत राहिली, खाली लोणा धरला, आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजून भुसा झाले. बाहेरून रंग मात्र झकास होता!

इंजिनिअरांनी माजघरातल्या जुन्या आणि न्हाणीघरालगतच्या नव्या तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून वर तारीख लिहिली. काच फुटली तर तडा जिवंत, राहिली तर मेलेला. माजघरातली काच शाबूत राहिली. न्हाणीघरालगतची तीन आठवड्यांत तडकली. फुटक्या मोरीचे पाणी पायाखालची माती भुसभुशीत करीत होते. ज्या तड्याची आम्हांला तेवीस वर्षे धास्ती, तो निरुपद्रवी. आणि धोका होता तिथे आमचे लक्षच नव्हते.

पुण्याचे धाकटे बंधू फोनवर म्हणाले, “दादा, विकून टाक. आईला इथे आण.” आम्ही रागाने फोन ठेवला. रात्री मात्र वाटले, चूक त्याची कशी? घरावर प्रेम आहे म्हणून मिरविणाऱ्या आम्ही त्या घराची प्रकृती कधी विचारली होती?

असो. दुरुस्तीला पाच महिने लागले. आधी मोरीचा नळ बदलला. सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. तुळईचे कुजके टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल आवळले आणि भिंतीत तिच्याभोवती हवेला जागा ठेवली. दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विजेचा हिशेब ठेवून तीस मिलिअँपिअरच्या फरकाला प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य बोर्डावर बसविले. त्यावर तपासणीचे एक बटण असते. ते दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही दाबतो. घर क्षणभर अंधारते आणि आम्हांला बरे वाटते.

आई मात्र अजूनही पहाटे नळ सोडण्याआधी त्याला हाताची उलटी बाजू लावून पाहते. आता आम्ही तिला काही समजावीत नाही. वर्तमानपत्र खाली ठेवून ती काय म्हणते याची वाट पाहतो.