चाकण्याची पहिली सहल

आमच्या घरात कुत्रे असावे हे आईला कधीच मान्य नव्हते. आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई, दुसरीची सासू आणि मुलांची आजी. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातले गाव सोडून ती पिंपरीला आली. खडी फोडली, बांधकामावर पाट्या वाहिल्या, आणि त्यातून उभे राहिलेले हे घर. तिचे म्हणणे एवढेच, की माणसांचे भागता भागत नाही, तिथे कुत्र्याच्या तोंडात काय घालायचे? आम्ही दोघेही कमावते. एक चाकणला कंत्राटी फिटर, दुसरी निगडीत पोळीभाजी केंद्रावर. तेव्हा आईचे अगदीच चुकत होते असे नाही.

तरीही मुलांच्या हट्टाने राजा आला होता. जेमतेम दीड महिन्याचा. दुसऱ्याच रविवारी आम्ही त्याला घराजवळच्या मैदानावर नेले. तो मातीत लोळला, दिसेल ते हुंगले, दुसऱ्या कुत्र्यांच्या मागे धावला. मुले खूष, आम्हीही खूष. पाच-सहा दिवसांनी त्याने खाणे सोडले. आम्हाला वाटले, दात येत असतील. मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. दोन दिवस आम्ही जिरे-पाणी, ताक असले घरचे उपाय करीत बसलो. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. सलाईन लावले, पण तिसऱ्या दिवशी पहाटे राजा गेला. धाकटा दोन दिवस नीट जेवला नाही. थोरलीने एकच प्रश्न विचारला, "त्याला इंजेक्शन दिलं होतं का?" दिलेले नव्हते. कुत्र्याला लस म्हणजे पिसाळण्याची, आणि ती मोठेपणी, एवढेच आम्हाला ठाऊक.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले ते असे. या रोगाला पार्वो म्हणतात. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथे महिनोन् महिने जिवंत राहतो. आपल्या चपलेला लागूनही घरात येतो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की पहिली लस, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी एक, अशा चार महिन्यांचे होईपर्यंत लशी पुऱ्या करायच्या. तीन महिन्यांनंतर रेबीजची वेगळी, आणि ती पुढे डॉक्टर सांगतील तशी पुन्हा पुन्हा. हे सगळे पुरे होईपर्यंत पिल्लाचे पाय रस्त्याच्या मातीला लागू द्यायचे नाहीत. आम्ही सारी खोली ब्लिचिंगच्या पाण्याने धुतली, राजाची गोणपाटे जाळली आणि पुन्हा कुत्रे नाही असे ठरवले.

वर्षभराने चाकण्या आला. चाकणला कंपनीच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिच्यामागे एक कुत्री व्यायली होती. चार पिल्लांपैकी दोन कंटेनरखाली गेली. रात्रपाळी सुटल्यावर त्यातले एक डब्याच्या पिशवीतून निगडीला आले. नाव काय ठेवायचे यावर वाद झाला नाही. चाकणहून आला तो चाकण्या. आई म्हणाली, "पुन्यांदा रडायचं आसंल तर ठिवा." आणि तोंड फिरवून बसली.

या वेळी आम्ही लशीचे कार्ड भिंतीवर कॅलेंडरशेजारी टांगले. पण एक अडचण निघाली. डॉक्टर म्हणाले, पिल्लाला बाहेर सोडू नका, पण कोंडूनही ठेवू नका. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ते जे बघते, ऐकते, त्याची त्याला सवय होते. तेव्हा काहीच पाहिले नाही तर पुढे जन्मभर प्रत्येक आवाजाला बुजते, नाहीतर चावायला धावते. मग करायचे काय? "उचलून न्या," ते म्हणाले. झाले, रोज संध्याकाळी भाजीच्या पिशवीतून चाकण्याची वरात निघू लागली. भक्ती-शक्ती चौकात ट्रकचे हॉर्न ऐकव, गॅरेजपुढे हातोड्याचे ठणठण ऐकव, वरातीचा बँड ऐकव. पिशवीतून नुसती दोन डोळी आणि नाक बाहेर. वस्तीतली मंडळी हसायची, "काय वहिनी, आज काय भाव?" हसू दे. सायरन वाजला की तो सुरुवातीला पिशवीत तळाला जायचा, महिन्याभरात कानसुद्धा हलवीनासा झाला.

डिसेंबरात त्याच्या सगळ्या लशी पुऱ्या झाल्या. तेव्हा तो साडेचार महिन्यांचा होता. मुलांनी एक रात्र तंबूत राहायचा घोष लावलेला होताच. पवना धरणाच्या काठी भाड्याचे तंबू मिळतात, पण आम्हा पाच माणसांना ते परवडणारे नव्हते. कंपनीतला एक मित्र तिकडच्याच गावचा. तो म्हणाला, "माझ्या शेतात या, ताडपत्री टाकू, तंबूच तो." त्याच्याच टेम्पोतून शनिवारी सकाळी निघालो. चाकण्याला निघण्याआधी तीन तास काही खायला दिले नव्हते, तरी देहूरोडच्या पुढे तो थोडे ओकलाच. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती म्हणून बरे. आई नाकाला पदर लावून बसली. तिला एकटी मागे ठेवायची नाही म्हणून बरोबर घेतली होती, आणि हे ती दर पाच मिनिटांनी ऐकवीत होती.

कामशेतहून पवनेकडे जाताना वाटेत बेडसे लागते. तिथली लेणी मुलांना दाखवायची होती. पायऱ्या सुमारे चारशे. आईच्या गुडघ्यांना ते जमणारे नव्हते. आणि चाकण्याला नेता येत नव्हते, कारण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत प्राणी नेण्याला मनाई आहे. शिवाय पिल्लाची हाडे कोवळी असतात, त्यांना एवढ्या पायऱ्या चढवू-उतरवू नयेत. म्हणजे खाली राहणार होते दोघेच, एकमेकांशी न बोलणारे. पट्ट्याची दोरी आईच्या हातात दिली, पाण्याची बाटली आणि त्याची वाटी शेजारी ठेवली. "उघड्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नको, त्यानं कावीळ होते," एवढे सांगून आम्ही चढू लागलो.

वर उंच खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेले स्त्री-पुरुष कोरलेले आहेत. धाकटा त्यांत कुत्रा शोधीत होता. बाहेर पाण्याचे टाके आहे, त्यावर ब्राह्मी लिपीत लेख. सामडिनिका नावाच्या स्त्रीचे ते दान, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. एका महाभोजाची ती मुलगी, स्वतःला महारठिनी म्हणवणारी. थोरलीने ते वहीत उतरवून घेतले.

तासाभराने खाली उतरलो तर वाटी जिथे ठेवली तिथेच, कोरडी. आई बाटलीतले पाणी ओंजळीत ओतीत होती आणि चाकण्या तिच्या हातातून लपालपा पीत होता. आम्हाला पाहून ती जरा ओशाळली. "तान्ह लागली व्हती त्याला. जीभ बघ की किती भाईर आलीया."

"आजी, तुला तर कुत्रा आवडत नाही ना?" धाकट्याने विचारले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या गावात पानवठ्यावर कुत्री पान्यात जाऊन बसायची. कुनी हाड म्हनत नसायचं. आन् आमी घागर घिऊन लांब उभं. कुनाला दया आली तर वरून वतायचं. माझ्या आईसंगं मी दुपारपातूर उभी ऱ्हायलीय." आणि हसून पुढे म्हणाली, "मला त्या मान्सांपरीस कुत्र्याचाच राग यायचा बग."

चवदार तळ्याची हकीकत आमच्या मुलांना पाठ आहे. जनावरांना मोकळे असलेले ते तळे माणसांना बंद होते, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तिथे पाणी प्यायले. पण ती हकीकत महाडची, पुस्तकातली. तीच आजीच्या लहानपणीही घडत होती, १९२७ नंतर कितीतरी वर्षांनी, हे त्यांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हते. एवढ्या वर्षांत तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

थोरलीने वही उघडून टाक्यावरचा लेख आजीला वाचून दाखवला. आई म्हणाली, "बाई व्हती का? आसनारच. पानी बाईलाच भरावं लागतंय."

रात्रीचे फार सांगण्यासारखे नाही. थंडी होती, शेकोटी होती, मटण होते. चाकण्या भांड्याभोवती घिरट्या घालीत होता, पण शिजवलेले हाड फुटून घशात-आतड्यात टोचते आणि कांदा कुत्र्याला बाधतो, म्हणून त्याला घरचाच दूध-भाकरीचा काला. मित्राने बजावले, "वहिनी, पिल्लू बाहेर बांधू नका. हिकडं बिबट्या फिरतो, कुत्रं दिसलं की सोडत नाही." म्हणून तो ताडपत्रीत आमच्यामध्येच झोपला. झोपला म्हणजे काय, टिटवी ओरडली की उठायचा, दूर कोल्हे ओरडले तेव्हा थरथर कापला. ट्रकला न भिणारा गडी कोल्ह्याला भ्याला, कारण कोल्हा आम्ही त्याला पिशवीतून कुठून ऐकवणार? मध्यरात्री पाहिले तर तो आईच्या वाकळेत शिरलेला.

रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर नळाखाली त्याचे पाय धुतले आणि गोचीड शोधायला बसलो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली बघावे लागते. कानात एक सापडली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. दिव्याचा उजेड पुरत नव्हता, म्हणून आई मोबाईलची बॅटरी धरून उभी होती.

"त्या मागच्या पायाचं बग आधी," ती म्हणाली, "सकाळपासनं चाटतंय."

तिथे दुसरी निघाली.